क्राफ्टच्या स्वस्त ॲक्रिलिक रंगांनी स्केल मॉडेल रंगवायचंय? मग हे आधी वाचा

नवीन माणूस स्केल मॉडेलचं पहिलं किट (सुटे पार्ट जोडून छोटं विमान, रणगाडा बनवायचा संच) घेतो आणि लगेच रंगांपाशी अडतो. किट एकदाच घ्यायचं असतं पण किटच्या कागदावर सात-आठ शेड्स दिलेल्या असतात, वालेहो नाहीतर तामिया अशा खास मॉडेलसाठीच्या हॉबी रंगांची एकेक छोटी बाटली आपल्याकडे दोन-अडीचशेच्या पुढेच, वर शिपिंग, म्हणजे रंगांचं बिल किटच्या वर जातं. आणि दुसरीकडे कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत फेव्हिक्रिल, कॅमलच्या १५ मिलीच्या बाटल्या वीस-तीस रुपयांच्या आसपास मिळतात. मग प्रश्न येतोच की हे चालतात का.

चालतात. पण जसेच्या तसे नाही, आणि सगळीकडे नाही. हे रंग कापड, लाकूड, मडकी, कॅनव्हास अशा रंग पिणाऱ्या गोष्टींसाठी बनवलेले असतात आणि आपलं किट असतं पॉलिस्टायरीनचं, गुळगुळीत, रंग अजिबात न पिणारं. त्यामुळे दोन अडचणी येतात, रंग प्लास्टिकला नीट धरत नाही आणि बाटलीतून काढल्यावर तो इतका जाड असतो की पॅनल लाईन्स (मॉडेलवर कोरलेल्या पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा) बुजून जातात. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी फार काही नाही. माझं सरळ मत सांगतो, रंगात वाचवलेले पैसे चांगल्या प्रायमरवर (रंगाआधी मारायचा अस्तराचा थर) आणि वार्निशवर घाला, निकालातला फरक तिथून येतो.

उदाहरण म्हणून १/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, हॉकर हरिकेन हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान धरू. एअरफिक्स कंपनीचं किट मिळतं, छोटं आहे, आणि आपल्याशी नातंही आहे. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची १ नंबर स्क्वॉड्रन हीच विमानं उडवत होती, स्क्वॉड्रनचे प्रमुख अर्जन सिंग, त्यांना तिथल्या कामगिरीसाठी डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं. रंग वरून डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, म्हणजे मातकट तपकिरी आणि गडद हिरवा, दोन्ही मॅट. क्राफ्ट रंग मुळातच बऱ्यापैकी मॅट वाळतात त्यामुळे हे जमतं. (हरिकेनच्या बॉडीचा मागचा भाग खरोखर कापडाने मढवलेला असायचा, म्हणजे फॅब्रिक कलर एका अर्थी योग्य जागीच लागतोय!)

पहिलंच मॉडेल चकचकीत चंदेरी मिग-२१ किंवा लाल फेरारी निवडू नका. क्राफ्ट रंगांचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे मेटॅलिक आणि ग्लॉस.

काय काय लागेल

- रंग: काळा, पांढरा, यलो ओकर, बर्न्ट अंबर, सॅप ग्रीन, प्रशियन ब्लू, एक पिवळा. एवढ्यात हरिकेन होतं, आणि पुढचे रणगाडेसुद्धा
- पांढरा मात्र आर्टिस्ट ग्रेडच्या ट्यूबमधला टायटेनियम व्हाईट घ्या, क्राफ्टच्या पांढऱ्याला झाकण्याची ताकद फार कमी असते, चार हात मारले तरी खालचं दिसत राहतं
- ॲक्रिलिक मीडियम (रंगात मिसळायचा बिनरंगी द्रव), मॅट असेल तर उत्तम
- ग्रे प्रायमरचा स्प्रे कॅन, ग्लॉस आणि मॅट क्लिअर वार्निश
- सिंथेटिक ब्रश: चपटे ६ आणि ८ नंबर, गोल ० आणि २
- मास्किंग टेप, स्टिकी पुटी (भिंतीला पोस्टर चिकटवायचा मऊ गोळा), टूथपिक, कानकोरणीचे कापूस बड्स
- ८०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर
- प्लास्टिकचे फेकायचे चमचे, जुना टिफिनचा डबा, होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या, सुईशिवाय एक सिरिंज
- भांडी घासायचं लिक्विड

पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला रंग-ब्रशचं सगळं एका फेरीत मिळतं. प्रायमर हार्डवेअरवाल्याकडे किंवा गाड्यांच्या रंगाच्या दुकानात. अमेरिकेत असाल तर तिथे ॲपल बॅरल, फोकआर्ट, अमेरिकाना हे रंग ५९ मिलीच्या बाटलीत येतात, खाली जे लिहिलंय ते त्यांनाही लागू.

१. बाटली वाचून घ्या

दुकानदाराला नुसतं "ॲक्रिलिक द्या" म्हटलं की तो हाताला येईल ते देतो. बाटलीवर बघा. पर्ल लिहिलेलं नको, त्यात अभ्रकाची चमक असते आणि रंग अर्धपारदर्शक असतो. ग्लिटर, निऑन, थ्रीडी आउटलायनर तर नकोच. फॅब्रिक लिहिलेला रंग चालतो पण एक लक्षात ठेवा, कापड दुमडलं तरी तडा जाऊ नये म्हणून त्याचा थर मुद्दाम रबरासारखा मऊ ठेवलेला असतो, त्यामुळे वाळल्यावरही बोटाला किंचित चिकट लागू शकतो आणि घासला की पावडर होण्याऐवजी गुंडाळ्या निघतात. "मल्टी सरफेस" किंवा साधा ॲक्रिलिक मिळाला तर तो आधी घ्या.

बाटलीवर उलट्या बाजूने इस्त्री फिरवा असं लिहिलेलं असेल ते कापडासाठी आहे. हसू नका, पॉलिस्टायरीन १०० डिग्रीच्या अलीकडेच मऊ पडायला लागतं, हेअर ड्रायर गरम करून जवळ धरलात तरी पंखाची कड वाकते. ड्रायर लावायचाच तर थंड हवेवर.

२. प्लास्टिक धुवा

साच्यातून पार्ट सुटावा म्हणून फॅक्टरीत तेलकट पदार्थ लावलेला असतो, शिवाय आपल्या बोटांचं तेल. फ्रेमसकट सगळे पार्ट कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने हलके घासा, साध्या पाण्यातून काढा, टॉवेलवर पसरून वाळू द्या. बेसिनच्या जाळीवर काहीतरी ठेवा नाहीतर छोटा पार्ट गटारात.

जोडकाम झालं, सांधे घासून झाले की परत एकदा पुसून घ्या. कॉकपिट मात्र बॉडीचे दोन भाग चिकटवायच्या आधी रंगवायचं, नंतर ब्रश आत जात नाही.

३. प्रायमर, ही पायरी गाळायची नाही

बाकीच्या पायऱ्यांत थोडं इकडे तिकडे चालतं, इथे नाही. प्रायमर नसेल तर क्राफ्ट रंग वाळल्यावर छान दिसतो आणि मग मास्किंग टेप ओढली की टेपबरोबर पापुद्रा निघून येतो.

आधी १००० च्या वॉटर पेपरने ओला हात फिरवून चकाकी मारा. मग ग्रे प्रायमर. हार्डवेअरचे बरेचसे स्प्रे लॅकर जातीचे असतात, म्हणजे त्यातलं सॉल्व्हंट प्लास्टिक खाऊ शकतं, म्हणून किटच्या उरलेल्या फ्रेमच्या तुकड्यावर आधी मारून बघा. कॅन चांगला दोन मिनिटं हलवा, २५-३० सेंटिमीटर लांब धरा आणि पहिला हात नुसता धुरळा उडाल्यासारखा, प्लास्टिक अजून दिसतंय इतका. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा. एकदम ओला थर दिला की बारीक रिव्हेट्स आणि रेषा विरघळून मऊ होतात आणि ते परत येत नाही.

पावसाळ्यात मुंबई-कोकणवाल्यांनी स्प्रे मारताना कोरडी दुपार बघून घ्या, हवेत फार दमटपणा असला की थरावर पांढरट धुकं धरतं. क्लिअर वार्निशला हा त्रास जास्तच. आणि स्प्रे बाल्कनीत किंवा गच्चीवर, मास्क लावून.

स्प्रे शक्य नसेल, हॉस्टेलवर राहता वगैरे, तर ब्रशने लावायचा हॉबी प्रायमर एक बाटली घ्या, तेवढा खर्च करा. कॅनव्हासचा जेसो काही लोक सुचवतात पण १/७२ ला तो फार जाड पडतो, मोठ्या स्केलच्या बेसला ठीक.

४. चमच्यावर चाचणी

दोन प्लास्टिकचे चमचे प्रायमर करा, त्यावर तुमचा रंग, २४ तास वाळू द्या, मग टेप चिकटवून ओढा, नखाने घासा, वर वार्निश मारून बघा. रंग, प्रायमर, वार्निश वेगवेगळ्या कंपन्यांचे असले की कुठे काय भांडण होईल सांगता येत नाही, ते चमच्यावर होऊ दे. मागे मार्करने लिहून ठेवा कुठला रंग किती भाग, पुढच्या किटला तोच चमचा शेड कार्ड म्हणून वापरता येतो.

५. शेड बनवणं

इथे क्राफ्ट रंगांची मजा आहे, कारण रंग स्वस्त असल्यामुळे हात आखडत नाही. ही सुरुवातीची मापं घ्या आणि पुढे डोळ्याने जुळवा, कारण एकाच नावाचा रंग दोन कंपन्यांत वेगळा निघतो:

डार्क अर्थ: यलो ओकर २ भाग, बर्न्ट अंबर २ भाग, पांढरा १ भाग.
डार्क ग्रीन: सॅप ग्रीन ३, काळा १, यलो ओकर १.
खालच्या बाजूचा फिकट राखाडी: पांढऱ्यात थेंबभर काळा आणि टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच प्रशियन ब्लू. प्रशियन ब्लू भयंकर जोरकस असतो, थेंबाने टाकलात तर सगळी बाटली निळी.
रणगाड्याचा ऑलिव्ह हवा असेल तर पिवळ्यात काळा टाका. हो, पिवळा आणि काळा मिळून हिरवट ऑलिव्ह येतो, विश्वास बसत नसेल तर करून बघा.

दोन सापळे आहेत. एक, ॲक्रिलिक ओला असताना फिकट आणि वाळला की गडद दिसतो, कारण त्यातला बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारा घटक) ओला असताना दुधट असतो आणि वाळला की पारदर्शक होतो. म्हणून शेड कधीही ओल्यावर ठरवायची नाही. दोन, छोट्या मॉडेलवर खऱ्या विमानाचा अगदी तोच रंग लावला तर तो जास्तच काळा वाटतो, थोडा पांढरा मिसळून फिकट करा. शुद्ध काळा तर वापरूच नका, टायरलासुद्धा गडद राखाडी.

एका बैठकीला पुरेल त्यापेक्षा दुप्पट बनवा आणि होमिओपॅथीच्या बाटलीत भरून ठेवा, कारण तीच शेड परत जमणं कठीण. ढवळायला आत सायकलचे छर्रे टाकू नका, पाण्याच्या रंगात गंजतात आणि आठवड्याने तुमचा फिकट राखाडी तांबूस होतो, काचेचा मणी टाका.

६. पातळ करणं आणि ब्रश

रंग साधारण ताकाइतका पातळ हवा. पण नुसतं पाणी ओतत गेलात तर बाइंडर इतका विरळ होतो की रंग वाळल्यावर खडूसारखा सुटतो. म्हणून चार भाग रंगाला एक भाग पाणी इथपर्यंत ठीक, त्याहून पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी मीडियम घाला. पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा अगदी एकच थेंब, म्हणजे रंग प्लास्टिकवर थेंब थेंब गोळा होत नाही. जास्त टाकलंत तर फेस आणि फेसाचे खड्डे.

स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ करायचं हॉबी रंगांच्या व्हिडिओत दाखवतात, ते बघून इथे करू नका, बऱ्याच क्राफ्ट रंगांचा त्यात दह्याच्या कवड्यांसारखा लगदा होतो. आणि एनसी थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यातलं काही मॉडेलच्या जवळ आणू नका, पॉलिस्टायरीन विरघळतं.

मिसळायला ओली पॅलेट करा: टिफिनच्या डब्यात ओला स्पंज किंवा तीन-चार पदरी टिश्यू, त्यावर बेकिंगचा बटर पेपर. स्टेशनरीत ट्रेसिंगचा जो पेपर बटर पेपर म्हणून विकतात तो नव्हे, तो ओला होऊन सुरकुततो. नागपूरच्या मे महिन्यात तर ही पॅलेट नसेल तर रंग ब्रशवरच वाळतो. डोक्यावरचा पंखा बंद करा, एवढा घाम सहन करा.

आता हात मारणं. जेवढा मोठा चपटा ब्रश बसेल तेवढा घ्या, नवीन लोक बारीक ब्रशने अख्खा पंख रंगवतात आणि मग पट्टे दिसतात. ब्रश बुडवा, टिश्यूवर थोडा पुसा, एका दिशेने लांब हात. पहिला थर ठिगळं ठिगळं, अगदी वाईट दिसेल. दिसू दे. एकदा हात फिरला की त्या जागेवर परत जायचं नाही, अर्धवट वाळलेला थर ब्रशने उचलला जातो आणि तिथे खड्डा पडतो, क्राफ्ट रंगात हे हॉबी रंगापेक्षा जास्त होतं. अर्धा तास थांबा, दुसरा थर आडवा, तिसरा परत उभा. तीन-चार थरांत पूर्ण झाकलं जातं. पिवळा असेल तर खाली पांढरा दिल्याशिवाय सुरूच करू नका.

कुठे गुठळी किंवा केस राहिला तर दुसऱ्या दिवशी वॉटर पेपरने ओला हलका हात. ब्रश लगेच धुवा, वाळला तर गेला.

७. कॅमोफ्लाज

आधी फिकट, मग गडद. खालची राखाडी बाजू, मग पूर्ण वर डार्क अर्थ, मग त्यावर हिरव्याचे पट्टे. पेन्सिलने अगदी पुसट आराखडा काढून घ्या.

ब्रशने रंगवताना हिरव्याला टेपची गरजच नाही खरं तर, कडेला गोल ० नंबरने रेघ ओढून आतला भाग चपट्या ब्रशने भरा. टेप लावायचीच असेल तर आधी दोन दिवस रंग पक्का होऊ द्या. वरून वाळलेला दिसतो पण आतून मऊ असतो. हार्डवेअरची मास्किंग टेप फार चिकट, ती आधी पाच-सहा वेळा जीन्सवर किंवा तळहातावर लावून काढा मगच मॉडेलवर, आणि काढताना सरळ वर ओढायची नाही, स्वतःवरच दुमडून सावकाश. वळणदार कडांसाठी स्टिकी पुटीच्या बारीक वळकट्या छान बसतात.

८. छोटे पार्ट आणि कॅनॉपी

प्रॉपेलरची पाती काळी (म्हणजे आपला टायरवाला गडद राखाडी), टोकं पिवळी: टोकाला आधी पांढरा, मग पिवळा, मग टोक झाकून काळा. उलट्या क्रमाने केलंत तर काळ्यावर पिवळा चढवताना जीव जातो.

बंदुका, एक्झॉस्टसाठी क्राफ्टचा सिल्व्हर नको, त्यात कण मोठे दिसतात. गडद राखाडी लावा, वाळला की ६बी पेन्सिलचं शिसं कागदावर घासून त्याची पूड बोटाने किंवा बडने घासा. अगदी खरं लोखंड वाटतं आणि फुकट. जिथे चकचकीत धातू हवाच आहे, लँडिंग गिअरचे दांडे वगैरे, तिथे एक हॉबी मेटॅलिक बाटली घ्या, वर्षानुवर्षं पुरते.

कॅनॉपी म्हणजे काचेचा पारदर्शक भाग, याला प्रायमर नाही करायचा. आणि इथे क्राफ्ट रंगाची कमजोरीच कामाला येते: फ्रेमच्या रेषा हाताने रंगवा, काचेवर बाहेर गेलेला रंग वाळला की टूथपिकचं टोक ओलं करून खरवडा, सहज निघतो आणि काचेवर ओरखडा येत नाही. ते जमत नसेल तर पारदर्शक सेलोटेपच्या तुकड्यावर रंग लावा, वाळवा, ब्लेडने बारीक पट्ट्या कापून फ्रेमवर चिकटवा. कॅनॉपी सगळ्यात शेवटी, मॅट वार्निश झाल्यावर चिकटवायची, स्प्रे काचेवर गेला तर ती कायमची धुरकट.

९. ग्लॉस, डेकल, वॉश, मॅट, याच क्रमाने

क्राफ्ट रंगाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यावर थेट डेकल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हं) लावलं तर खाली हवा अडकते आणि डेकलभोवती चंदेरी कडा दिसते. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचे दोन हलके थर, २४ तास थांबा. डेकल कोमट पाण्यात, जागेवर सरकवा, बडने पाणी दाबून काढा. उंचवट्यावर बसत नसेल तर निम्मं पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर ब्रशने लावा, थोडं मऊ होतं.

हरिकेनसाठी एक बघा: ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या विमानांच्या गोल चिन्हातून लाल ठिपका काढलेला होता, जपानी विमानांच्या लाल गोलाशी गल्लत होऊ नये म्हणून. डेकलच्या संचात ब्रिटनवाले लाल-पांढरे-निळे गोल आले असतील तर ते इंफाळच्या विमानाला चालणार नाहीत, गडद निळ्यात फिकट निळा असे वेगळे घ्या नाहीतर हाताने रंगवा.

पॅनल लाईन्ससाठी महागडा वॉश (रेषांत साचणारा पातळ गडद रंग) नको. कॅमलचा साधा वॉटरकलर, बर्न्ट अंबर आणि काळा, पाणी आणि लिक्विडचा थेंब. सगळीकडे लावा, वाळला की ओलसर बडने हवेच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे पुसा. रेषांत राहतो, बाकी निघतो, आवडलं नाही तर पूर्ण धुऊन परत. मात्र ग्लॉसवरच करायचं, मॅटवर केलंत तर डाग बसतो. मग शेवटी मॅट वार्निश, पुन्हा लांबून, धुरळ्यासारखा.

१०. बिघडलं तर

पॉलिस्टायरीनवरचा ॲक्रिलिक काढता येतो. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन घासा. अख्खं मॉडेल साफ करायचं असेल तर पाणी न घातलेल्या डेटॉलमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने. रंग सैल असताना पाण्याखाली धरू नका, डेटॉल आणि रंगाचा चिकट डांबरासारखा लगदा होतो, आधी डेटॉलनेच पुसून काढा, मग साबण आणि पाणी. घरभर दवाखान्याचा वास येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा. लॅकर प्रायमर याने बहुतेक निघत नाही, ते बरंच आहे, तसाच ठेवून पुन्हा रंगवा.

एअरब्रशचं काय

विचारणार तुम्ही, म्हणून. एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं यंत्र. क्राफ्ट रंगातले पिगमेंटचे कण जाड असतात, ०.२-०.३ मिमीच्या नोझलमध्ये अडकतात. ०.५ चं नोझल, मीडियम घालून पातळ केलेला रंग, आणि नायलॉनच्या मोज्यातून गाळून, असं करून चालतो, पण दर दोन मिनिटांनी टोक साफ करत बसावं लागतं. एअरब्रशवर हजारो रुपये घालणारा माणूस रंगात थोडे पैसे का वाचवतोय हे मला कळत नाही, तिथे हॉबी रंगच घ्या. क्राफ्टच्या बाटल्या ब्रशसाठी, बेसवरच्या मातीसाठी, सैनिकांच्या कपड्यांसाठी, जहाजाच्या लाकडी डेकसाठी ठेवा.